मागच्या चाकातली हवा

माझ्या साडूच्या मोटरसायकलच्या मागच्या चाकात मी जाणूनबुजून जास्त हवा भरली. बत्तीस पौंड होती, ती पंचावन्नवर नेली. त्या गाडीवर मागं माझ्या सासूबाई बसणार होत्या. त्यांच्या कमरेचं दुखणं काय आहे ते मला माहीत होतं, रस्ता कसा आहे तेही माहीत होतं. हवा सोडली असती तर मी पकडला गेलो असतो, कारण बसलेलं चाक कुणालाही दिसतं. भरलेलं चाक चांगलंच दिसतं. हा विचारसुद्धा मी तेव्हा केला होता, म्हणून ही चूक रागाच्या भरात झाली असं मला म्हणता येत नाही.

मी अठ्ठेचाळीस वर्षांचा आहे. मराठी प्राथमिक शाळेत शिकवतो आणि चार एकर कापूस पेरतो. आमचं गाव आदिलाबादजवळच्या जैनथ मंडलात, पैनगंगेच्या अलीकडे. बायको माझ्या सख्ख्या मामाची मुलगी, त्यामुळे सासूबाईंना मी लहानपणापासून मामीच म्हणत आलो. लग्नाआधी मामी मला अरे-तुरे करायच्या, पाठीत धपाटा घालायच्या, न्हाऊ घालताना कान धरायच्या. अक्षता पडल्या त्या दिवसापासून त्या डोक्यावर पदर घेऊन मला ‘तुमी’ म्हणू लागल्या. आमच्याकडे भाचाही मानाचा आणि जावईही मानाचा. मी दोन्ही झालो. मान वाढला आणि मामी लांब गेल्या.

मामा वारून बारा वर्षं झाली. त्यांना मुलगा नव्हता, दोघी मुलीच. थोरली माझी बायको. धाकटी भैंसाला दिलेली. मामींचं घर आमच्या घराला लागूनच आहे, तेव्हा त्यांचं सगळं मीच बघू लागलो. बँक, रेशन, डोळ्यांचा डॉक्टर, नात्यातली लग्नं, मयत, जिथं जायचं तिथं माझ्या मोटरसायकलवर. बसताना मामी माझी पाठ आणि त्या यांच्यामध्ये एक कापडी पिशवी धरत. जावयाला अंग लागू नये म्हणून. एक हात पिशवीवर, दुसरा मागं कॅरियरला घट्ट. वाटेत एक शब्द बोलत नसत. उतरल्यावर पदर सारखा करून ठरलेलं एक वाक्य म्हणत, “लय तरास देला तुमाले.” मला ते वाक्य ऐकायला फार आवडायचं. आज लिहिताना लाज वाटते, पण त्या वाक्यासाठी मी कितीदा शाळेतून अर्धी रजा टाकून त्यांना घेऊन गेलो असेन.

आता हवेचं सांगतो. वेचणीच्या दिवसांत शेतातून कापसाची गाठोडी मोटरसायकलवरच आणावी लागतात. एक सीटवर, एक कॅरियरवर, दोरीनं आवळून. मागचं चाक बसतं. म्हणून वेचणी सुरू व्हायच्या आधी मी त्यात पन्नासच्या आसपास हवा भरून घेतो. गावात बहुतेक सगळे तसंच करतात. वेचणी संपली की ती पुन्हा कमी करायची असते, हे मात्र कुणी करत नाही. टाईट चाक पळतं, पेट्रोल कमी खातं, बाभळीचा काटा लवकर शिरत नाही, असं आम्ही एकमेकांना सांगत आलो. मोजायचं म्हणजे अंगठ्यानं दाबायचं. दगडासारखं लागलं की हवा बरोबर. माझ्या गाडीच्या चेनकव्हरवर हवेचे आकडे लिहिलेला एक कागद कंपनीनं चिकटवलेला होता. रोज पोरांकडून पाढे म्हणवून घेणारा मी, पण ते चार आकडे मी कधी वाचले नव्हते.

गेल्या वर्षी साडू भैंसा सोडून आदिलाबादच्या एका जिनिंगमध्ये कामाला लागला. शेतकऱ्यांच्या कापसात ओलावा किती आहे ते मोजायचं त्याचं काम. यंत्राचे दोन खिळे गाडीतल्या कापसात खुपसायचे आणि आकडा सांगायचा. शेतकरी म्हणतात, हातात घेतला की कळतं वाळलाय का ओला आहे. तो म्हणतो, हात आपल्या बाजूनं बोलतो, काटा कोणाच्याच बाजूनं बोलत नाही. माझ्यापेक्षा नऊ-दहा वर्षांनी लहान, किडकिडीत, बोलका. मला दादा म्हणतो. गाडी त्याची माझ्या गाडीपेक्षा जुनी, टाकीचा रंग उडालेला. बायको-पोरं आदिलाबादला आणल्यावर पहिल्याच रविवारी तो सगळ्यांना घेऊन मामींकडे आला.

मामींच्या दाराशी बोळ अरुंद आहे, म्हणून गाड्या आमच्या अंगणात लागतात. जेवण झाल्यावर त्यानं खिशातून पेनाएवढं एक मीटर काढलं आणि आपल्या गाडीची हवा बघितली. मग माझ्या गाडीशी बसला. मागच्या चाकाला मीटर लावून त्यानं ते उन्हाकडे धरलं.

“अठ्ठेचाळीस,” तो म्हणाला. मग माझ्याकडे बघून, “दादा, मागं मामीले बसवता का कापसाचं गाठोडं?”

मामी दारात उभ्या होत्या. त्यांनी तोंडाला पदर लावला आणि हसल्या. तो बोलला त्याचं मला काही वाटलं नाही. त्या हसल्या, ते लागलं.

त्यानं मला चेनकव्हरवरचा कागद वाचून दाखवला. पुढच्या चाकात पंचवीस. मागच्यात एकट्याला अठ्ठावीस, मागं कुणी बसणार असेल तर बत्तीस. मग टायरवर बोट फिरवून दाखवलं. मधली नक्षी पार गुळगुळीत झाली होती आणि दोन्ही कडा नव्यासारख्या होत्या. चाक पूर्ण टेकतच नाही, नुसतं मधल्या पट्टीवर चालतं, असं तो म्हणाला. आणि म्हणाला, “धक्का चाकानं खायचा असते दादा, मागच्या मानसानं नाई.”

मी मामींना विचारलं, माझ्या गाडीवर दणके बसतात का. खरं तर विचारलं नाही, त्यांच्याकडून वदवून घेतलं. “कुठं,” त्या म्हणाल्या. “मले तं काईच समजत नाई. बरी हाय तुमची गाडी.” मी साडूकडे बघितलं, बघ म्हणून. त्यानं मीटर खिशात ठेवलं. जावयाच्या गाडीला नाव ठेवणारी सासू आमच्या भागात मी अजून पाहिलेली नाही, आणि हे त्या क्षणी मला कळत नव्हतं असंही नाही.

दिवाळी झाली आणि मामींची कंबर धरली. सकाळी उठता येईना, उठलं तर वाकून चालावं लागे. आदिलाबादच्या डॉक्टरनं फोटो काढून सांगितलं की मणक्यात गॅप आहे. गोळ्या दिल्या आणि एक दिवसाआड असे दहा शेक घ्यायला सांगितले, मशीनवर, त्यांच्याच दवाखान्यात. मध्ये खंड पडू देऊ नका, नाहीतर बाई अशीच वाकलेली राहील, हे त्यांनी मला बाजूला घेऊन दोनदा सांगितलं. बायांना बस फुकट आहे, पण फाटा गावापासून चार किलोमीटर, आणि बसची पायरी मामींना चढता येत नव्हती. ऑटो नेला तर तो आमच्या रस्त्यावर माणसाला सुपात पाखडतो. राहिली मोटरसायकल.

पहिले दोन शेक मी नेऊन आणले. पिशवी मध्ये धरून, कॅरियर धरून मामी बसल्या. दुसऱ्या शेकाहून परत आल्यावर त्यांना गाडीवरून उतरता येईना. बायकोनं आणि मी धरून उतरवलं. तरी त्या म्हणाल्याच, लय तरास देला तुमाले. रात्री बायकोनं मला सांगितलं की आई कण्हत होती, आणि पुढच्या खेपेला साडूला बोलावू, त्याची दुपारपाळी आहे. मला शाळा बुडवायलाही नको. ती हे माझ्या सोयीचं म्हणून सांगत होती. मी बरं म्हटलं आणि कूस बदलली.

साडू आदिलाबादहून सकाळी यायचा, मामींना घेऊन परत आदिलाबाद, शेक झाला की पुन्हा गावी सोडायचा आणि मग कामावर. एका शेकापायी त्याची शंभर किलोमीटर गाडी होत होती. मी हा हिशेब तेव्हा केला नाही. मी दुसरंच मोजत होतो. पहिल्या दिवशी मामी त्याच्या मागं बसल्या तेव्हा पिशवी त्यानं त्यांच्या हातातून घेतली आणि हँडलला अडकवली. “खांदा धरा आई,” तो म्हणाला. तो त्यांना आई म्हणतो. मामींनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि त्याचा खांदा धरला. गाडी कोपऱ्यावर वळेपर्यंत तो काहीतरी बोलत होता आणि मामी हसत होत्या. चाळीस पावलांवरून मला ते हसू ऐकू आलं. बारा वर्षं त्या माझ्या मागं बसल्या, एकदाही हसल्या नव्हत्या.

परत आल्यावर त्या माझ्या बायकोला म्हणाल्या की बाजेवर बसून गेल्यासारखं वाटलं. बायकोनं ते मला आनंदानं सांगितलं. संध्याकाळी चौकात चहाला गेलो तर तिथं एक शेजारी बसला होता. “मास्तर, तुमची सवारी तं पयवली हो साडूनं,” तो म्हणाला. बाकीचे हसले, मीही हसलो. चहा तसाच ठेवून घरी आलो.

मला काय झालं होतं, ते नीट सांगायचा प्रयत्न करतो. मला त्याच्या गाडीचा हेवा नव्हता, त्याच्या पगाराचा तर मुळीच नव्हता, माझा जास्त आहे. मला त्या मागच्या सीटचा हेवा वाटत होता. बारा वर्षं मी ज्या बाईला दवाखान्यात नेलं, तिच्या मनात माझी जागा कोणती, हे मला त्या कोपऱ्यावर कळलं होतं. माझी जागा पिशवीच्या अलीकडे होती. शाळेत पोरांची हजेरी घेताना माझ्या डोक्यात तेच चालायचं. आता ते फाट्यावर पोचले असतील, आता चहाला थांबले असतील, आता मामी काहीतरी सांगत असतील. माझ्याबद्दल सांगत असतील का? नसतील, याचंही वाईट वाटायचं.

उपाय सोपा होता. माझ्या चाकातली पंधरा-सोळा पौंड हवा सोडायची आणि म्हणायचं, मामी, आता माझ्या गाडीवर बसून बघा. एका संध्याकाळी मी ते केलंही. वॉलच्या टोचणीवर खिळा दाबला, हवा फुसफुसत गेली. अंगठ्यानं दाबलं तर चाक पिकल्या पपईसारखं लागलं. मी गाडीशी उकिडवा बसून राहिलो. हीच हवा बरोबर असेल तर बारा वर्षांची ती सगळी हवा चुकीची होती. मामींच्या कमरेला जे झालं त्यात माझे दणके किती, हा प्रश्न त्या चाकात होता. मी पंप आणला आणि चाक परत दगडासारखं करून टाकलं.

सहाव्या शेकाच्या सकाळी साडू आला तेव्हा मी शाळेत निघायच्या तयारीत होतो. थंडी होती. त्यानं अंगणात गाडी मेन स्टँडवर लावली, भाकर-ठेचा खाल्ला, आणि घरी फोन लावायला म्हणून गच्चीवर गेला, आमच्याकडे खाली रेंज नसते. बायको मामींची वेणी घालायला त्यांच्या घरी गेलेली. आदल्या दिवशीच शेतातून कापूस आणला होता, म्हणून माझा पायपंप भिंतीशीच होता. त्याला घड्याळासारखा काटा आहे.

मी नळी लावली. काटा बत्तीसवर आला. एक क्षण मला वाटलं, नुसतं बघितलं, आता काढून ठेवावी. वरून साडूच्या बोलण्याचा आवाज येत होता, तो बायकोला सांगत होता की आईसाठी येताना संत्री घेतो. मी पायानं पंप दाबायला सुरुवात केली. चाळीसनंतर पंप जड जातो. पंचेचाळीसनंतर पूर्ण वजन टाकावं लागतं. मी घामेजलो होतो. पंचावन्नला थांबलो, वॉलचं टोपण लावलं, पंप भिंतीशी ठेवला, आणि हात धुतले. हात धुतल्याचं मला पक्कं आठवतं, कारण हाताला काहीच लागलेलं नव्हतं.

मामी आल्या. बसताना त्यांनी साडूचा खांदा धरला. मी फाटकाशी उभा राहून सावकाश जा म्हणालो.

त्या दिवशी शाळेत मी तिसरीला काय शिकवलं ते आठवत नाही. मला इतकंच हवं होतं की मामींना दोन-चार दणके बसावेत आणि त्या म्हणाव्यात की याचीही गाडी तशीच. त्यापुढचा विचार मी केला नव्हता, किंवा करायचं टाळलं होतं. मधल्या सुट्टीत बायकोचा फोन आला. फाट्याच्या अलीकडे, जिथं नवीन रस्त्यासाठी गिट्टी पसरलीय तिथल्या पुलावर, मागचं चाक असं उधळलं की मामी सीटवरून वर गेल्या आणि आपटल्या. पडल्या नाहीत, पण खाली उतरल्यावर त्यांना उभं राहता येईना. रस्त्याच्या कडेला तशाच वाकून बसल्या होत्या. साडूनं ऑटो थांबवून त्यांना त्यात बसवलं होतं आणि स्वतः गाडीवर मागं मागं येत घरी आणलं होतं.

मी घरी पोचलो तेव्हा मामी पालथ्या पडलेल्या होत्या आणि बायको पाठीला गरम पाण्याची पिशवी लावत होती. साडू आमच्या अंगणात गाडीशी बसलेला. हातात मीटर.

“दादा,” तो म्हणाला, “चोपन हवा हाय. सकाळी पंपावर बत्तीस भरून निंगालो होतो. एवढी कशी झाली?”

मी म्हणालो, रस्त्यावर चाक तापतं, तापलं की आतली हवा फुगते आणि दाब वाढतो. विज्ञानाच्या पुस्तकात आहे. हे खोटं नाही, दोन-चार पौंड तसे वाढतात. बावीस वाढत नाहीत, आणि ते थंडीच्या दिवसांत तर नाहीच नाही.

तो माझ्याकडे बघत राहिला. “एवढी?” म्हणाला. मग मान खाली घातली. “तुमी म्हनता तं असन.”

त्यानं वॉल दाबून हवा सोडली, मीटर लावून बत्तीस बघितली, आणि मामींना न भेटता गेला. त्याच्या बायकोनं त्याला काय काय ऐकवलं ते फोनवरून आमच्या घरापर्यंत पोचलं. माझ्या आईची कंबर मोडून ठेवली, पेनावानी मीटर घेऊन फिरते मोठा शहाना, असं बरंच. नंतरच्या शेकाला तो आला नाही. त्यानं निरोप दिला की आता आईंना गाडीवर बसवायची त्याची हिंमत होत नाही.

मला आनंद झाला का, हे मी स्वतःला पुष्कळदा विचारलं आहे. पहिले दोन दिवस झाला. मोठा नाही, पण होता. तिसऱ्या दिवशी मी मामींना म्हणालो, चला, मी नेतो. त्यांनी उशीवरून नुसती मान हलवली. त्यांना आता कुणाच्याच गाडीवर बसायचं नव्हतं. गाडीचा आवाज अंगणात आला तरी त्यांचा हात बाजेची कड धरायचा. डॉक्टरला फोन केला तर ते चिडले. पाचच शेक झालेत, पाच राहिलेत, मध्ये आठवडे गेले तर पहिल्यापासून सुरुवात, आणि तेव्हा गुण येईलच असं नाही. दहा दिवस गेले, बारा गेले. मामी भिंत धरून मोरीपर्यंत जात, तेवढंच. जाताना त्यांचं तोंड जमिनीकडे असायचं. आमच्या शेताच्या बांधावर उभ्या राहून लांबवरच्या माणसाला हाक मारणारी बाई ती. मी रोज संध्याकाळी जाऊन बसायचो. त्या उठून पदर घ्यायला बघायच्या, मी म्हणायचो पडून राहा.

असाच एका संध्याकाळी गेलो होतो. बायको स्वयंपाकाला घरी गेली होती. मामी कुशीवर होत्या. त्यांनी मला बसा म्हटलं आणि बराच वेळ पदराचं टोक चाळवत राहिल्या. मग बोलल्या. आवाज बारीक होता.

“एक गोष्ट बोलायची होती जवाईबापू. राग नका मानजा.”

मी बोला म्हणालो.

“मी त्याच्या गाडीवर बसाले नाई पायजे होतं. थोरला जवाई घरात असून मी धाकट्याच्या मागं गेली, हासत गेली. तुमचा मान नाई राखला. तुमाले वाईट वाटलं, मले दिसत होतं. त्याचंच हे भोगून राह्यली मी.” त्यांनी पडल्या पडल्या हात जोडले. “माफ करा मले. बरी झाली की तुमच्याच गाडीवर बसीन. धाकट्याले मी सांगून देलं, तू येऊ नको म्हून.”

त्या जोडलेल्या हातांकडे मी बघू शकलो नाही. मला हवं होतं ते सगळं त्या मला देत होत्या. मागची सीट, माझा मान, धाकट्याला नकार. आणि हे सगळं त्या वाकलेल्या कमरेनं देत होत्या, आपलंच चुकलं असं समजून. मी गप्प राहिलो असतो तर ते कायमचं तसंच राहिलं असतं. त्यांनी कुणाजवळ त्याची वाच्यता केली नसती. हे मोहाचं होतं, हेही मला कबूल करायला हवं. थोडा वेळ मी खरोखर गप्प होतो.

मग मी सांगितलं. तुमचं काही चुकलं नाही मामी, त्याच्या चाकात हवा मी भरली होती, पंप लावून, तो गच्चीवर असताना, दणके बसावेत म्हणून. चाक तापून हवा वाढते हे मी त्याला खोटं सांगितलं. हेही सांगितलं की माझी गाडी बारा वर्षं तशीच होती, फक्त ते अज्ञानानं होतं आणि हे मुद्दाम. माझ्या तोंडून वाक्यं नीट निघत नव्हती. मी त्यांची माफी मागितली.

त्यांनी हात खाली घेतले. एवढंच विचारलं, “काऊन?”

मी म्हणालो, तुम्ही त्याच्या मागं हसत होत्या.

मामी भिंतीकडे तोंड करून पडल्या. त्या रडत होत्या की नाही मला कळलं नाही. शेजारच्या घरात बायकोच्या भाकरी थापायचा आवाज येत होता. मला वाटलं की मी उठून जावं अशी त्यांची इच्छा असेल. मी उठलो. दाराशी पोचलो तेव्हा त्या तशाच भिंतीकडे तोंड ठेवून बोलल्या, आणि माझ्या लग्नानंतर पहिल्यांदा त्यांनी मला अरे-तुरे केलं.

“मले सांगून काय करतं? त्या पोराले सांग. तो स्वतःले दोष देत बसला असन.” थोडं थांबून, “अन् त्याले म्हन, पाच शेक राह्यले माये. येऊन घेऊन जाय मले.”

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली. घरून निघताना माझ्या गाडीच्या चाकांतली हवा कमी केली, किती केली ते अंदाजानंच, आणि वाटेत आदिलाबादच्या पंपावर थांबून ती पंचवीस-अठ्ठावीस करून घेतली. त्याआधी गिट्टीच्या पुलावरून जाताना गाडी खाली काय लागतंय ते सांगत होती, पण माझ्या पाठीपर्यंत पोचवत नव्हती. मी एकटाच होतो. मामी मागं असताना ही गाडी अशी चालली असती, एवढं एक वाक्य माझ्या डोक्यात सगळा रस्ता होतं.

जिनिंगच्या फाटकाबाहेर कापसाच्या गाड्यांची रांग होती. साडू एका ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर चढून ओलावा मोजत होता. केसांत, भुवयांवर कापसाचे तंतू. मला बघून तो घाईनं खाली उतरला आणि त्यानं घाबरून विचारलं, आई बऱ्या आहेत ना. मी हो म्हणालो. तो म्हणाला चहा घेऊ. मी म्हणालो, आधी ऐका. ट्रॉलीजवळ चार-पाच शेतकरी उभे होते, ते ऐकत होते. मी त्याला बाजूला घेऊ शकलो असतो. पण त्याला बसलेले बोल साऱ्या नात्यात पोचले होते, म्हणून मी तिथंच, लोकांसमोर सांगितलं. हवा कुणी भरली, किती भरली, कधी भरली.

तो माझ्याकडे बघत राहिला. मीटरवरचा आकडा वाचत असल्यासारखा त्याचा चेहरा होता. मग तो हळूच म्हणाला, “मी त्या पंपावरच्या हवावाल्याले जाऊन शिव्या देल्या दादा. लोकांसमोर. त्यानं देवाची शपथ घेतली, तरी देल्या.”

मी म्हणालो, मी जातो त्याच्याकडे, त्यालाही सांगतो.  रांगेतला एक जण म्हणाला, साहेब, आमचा ओलावा पाहा ना. साडूनं त्याला हातानं थांब म्हटलं.

मी नऊ-दहा वर्षांनी मोठा, थोरला जावई. धाकट्या साडूसमोर हात जोडताना मी आमच्या घरात कुणाला पाहिलेलं नाही. मी जोडले. तो ते धरायला पुढं आला, मी धरू दिले नाहीत, कारण धरले असते तर पुढचं बोलणं राहून गेलं असतं.

“तुमचं काई चुकलं नव्हतं,” मी म्हणालो. “तुमची हवा बरोबर होती. मामी तुमच्या मागं हासत होत्या, ते मले पाहावलं नाई. त्यांची कंबर माह्यामुळं गेली अन् बोल तुमी खाल्ले. पाच शेक राह्यले, त्या तुमची वाट पाहून राह्यल्या. मले माफ करा.”